मिसेस टाउनशिपची परीक्षक

भोपाळमधल्या आमच्या शाहपुऱ्याच्या सोसायटीत महिला दिनाला सौंदर्यस्पर्धा असते. पार्किंगमध्ये मांडव घालतात, लाल गालिचा अंथरतात, आणि एरवी लिफ्टमध्ये गाऊनवर भेटणाऱ्या बायका त्यावरून झोकात चालतात. यंदा सोसायटीतल्या दोन मुली मला परीक्षक व्हा म्हणून सांगायला आल्या. एक बँकेत मॅनेजर आहे, दुसरी घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करते. "आंटी, तुम्ही तर त्या जमान्यात इंजिनिअर होत्या ना! तुम्हीच पाहिजे आम्हाला." मी नाही म्हटलं. गुडघे दुखतात असं सांगितलं. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण खुर्चीत बसून गुण द्यायला गुडघे लागत नाहीत, हे त्यांनाही कळलं असावं. लिफ्टपाशी एक दुसरीला म्हणाली, "थोड़ी घमंडी हैं." मला दारातून ऐकू आलं.

घमेंडी मी आहेच. एवढी वर्षं पुरुषांच्या कारखान्यात काढल्यावर थोडी घमेंड अंगाला चिकटतेच, आणि ती नसती तर मी पहिल्याच वर्षी साताऱ्याची गाडी पकडली असती. पण नाही म्हणण्याचं कारण ते नव्हतं. मी एकदा अशा स्पर्धेची परीक्षक झाले होते आणि तेव्हाच कानाला खडा लावला होता.

मी ज्या सरकारी कारखान्यात होते त्याची टाउनशिप म्हणजे एक वेगळं गावच होतं. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. क्वार्टर हुद्द्याप्रमाणे मिळायचं, त्यामुळे कोण कुठल्या गल्लीत राहतो यावरून त्याचा पगार कळायचा आणि त्याच्या बायकोला किती वाकून नमस्कार करायचा तेही कळायचं. बायकांची नावं सहसा कुणाला माहीत नसत. त्यांची ओळख नवऱ्याच्या डिपार्टमेंटवरून. टर्बाइनवाल्या वहिनी, फौंड्रीवाली भाभी, स्टोअर्सवाल्या काकू. भाजीवाला हाक मारायचा तीही तशीच. फौंड्रीवाल्या भाभींना मी पाच-सहा वर्षं ओळखत होते आणि त्यांचं नाव मला आजही माहीत नाही.

माझं डिपार्टमेंट टेस्टिंग. तयार झालेला ट्रान्सफॉर्मर बाहेर पाठवण्याआधी त्याला विजेचा जास्तीत जास्त दाब देऊन बघायचं, टिकला तर पास, नाही तर परत आत. मी टेस्टिंगमध्ये होते, पण मी टेस्टिंगवाली वहिनी नव्हते. मीच टेस्टिंग होते. याने सगळ्यांची पंचाईत व्हायची. कुणाच्या घरी जेवण असलं की पुरुष पुढच्या खोलीत, बायका आतल्या. मी पुढे बसले की साहेबलोकांचे अर्धे विनोद घशातच राहायचे. आत गेले की बायका लगबगीनं जागा करून द्यायच्या, "तुम्ही बसा हो, कामावरून आलात," आणि मग त्यांच्याही गप्पा थांबायच्या. मी बहुतेक वेळा दोन खोल्यांच्या मधे फ्रिजपाशी पाण्याचा ग्लास घेऊन उभी असायचे. लेडीज क्लबची सभासद व्हायला ऑफिसरची बायको असावं लागायचं. मी ऑफिसर होते, बायको कुणाचीच नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलवायचं की नाही, आणि बोलावलं तर वाण द्यायचं की कुमारिका म्हणून नुसतं कुंकू लावून खडीसाखर द्यायची, यावर दर वर्षी कुणी तरी घोळ घालायचंच. पस्तिशी उलटलेली कुमारिका! शेवटी मीच जानेवारीत कामाचं निमित्त काढून घरी उशिरा यायला लागले.

लग्न का केलं नाही, हे लोक फार विचारायचे. मला तरी कुठे नीट माहीत होतं? आधी जमलं नाही, मग जमवायचं राहून गेलं. एकटेपणाची मला सवय झाली होती असं मी सगळ्यांना सांगायचे. ते खोटं होतं. क्वार्टरचं कुलूप उघडताना त्याचा जो खटकन आवाज येतो, तो मला अगदी शेवटपर्यंत नकोसा वाटायचा.

अशात समोरच्या क्वार्टरमध्ये एक मराठी कुटुंब राहायला आलं. मेंटेनन्समधला एक तरुण ऑफिसर, त्याची आई आणि बायको. बायको म्हणजे, जिच्यामुळे ही गोष्ट सांगते आहे, ती. पंचविशीची असेल. ती भोपाळचीच. राजधानी हलली तेव्हा आजोबा नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर इकडे आलेले, त्यामुळे सगळं लहानपण जवाहर चौकाजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलेलं. तिच्या मराठीत अर्धी हिंदी असायची आणि उरलेल्या अर्ध्यात नागपूर. सासूबाई अमरावतीकडच्या, कडक. सुनेनं दाराबाहेर पाऊल टाकलं की कुठे, कशाला, किती वेळ, तिन्ही प्रश्न तयार. लग्नाला चार वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून चौथा प्रश्न अख्खा ब्लॉक विचारायचा.

आल्यानंतर आठवडाभरात तिनं माझी बेल वाजवली. हातात वाटीभर चिवडा. "ताई, तुम्ही एकट्याच राहता ना? मी बसू का थोडा वेळ?" मग ती रोजच यायला लागली. मी कारखान्यातून आले, हातपाय धुतले, की बेल. तास-सव्वातास बसायची. आली की चप्पल एकीकडे भिरकवायची आणि दिवाणावर पाय वर घेऊन ऐसपैस बसायची. माझं वर्तमानपत्र उलटं-सुलटं करून वाचायची, टर्बाइनवाल्या वहिनी पदर कसा सावरतात आणि सासूबाई नाकातून "अस्सं?" कशा म्हणतात याच्या नकला करायची. मी पोट धरून हसायचे. मी इस्त्री दुरुस्त करायला उघडली की शेजारी बसून दहा प्रश्न विचारायची. "आणि ही तार अशी काहून लावली? उलटी लावली तर का होते?" मी सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिला ते बरोब्बर आठवायचं. माझ्या मराठीला हसायची. "तुम्ही तर पुस्तक वाचल्यासारखं बोलता, ताई."

"तुमच्याकडे आली ना की सुकून मिळते," ती एकदा म्हणाली. "इथं मले कोणी काही विचारत नाही."

मला फार बरं वाटलं ते ऐकून. तिला माझ्या घरात मोकळं वाटतंय, मी तिला ते देते आहे, अशी माझी समजूत झाली. आणि मला त्या तासाची चटक लागली हेही सांगून टाकते. दुपारी चार वाजले की टेस्ट बेमध्ये, म्हणजे आमच्या चाचणीच्या शेडमध्ये, उभी राहून मी आज तिला काय सांगायचं ते मनात जुळवायला लागायचे. कुणी माझी वाट बघतंय, यापेक्षा मी कुणाची वाट बघते आहे, याचं मला अप्रूप होतं. ती संध्याकाळ टिकावी, बाकी मला टाउनशिपकडून काही नको होतं.

त्याच सुमारास आपल्या मुली परदेशात जाऊन जगात सुंदर ठरायला लागल्या होत्या. टीव्हीवर ते मुकुट, ते डोळ्यांतलं पाणी बघून देशभर वारं सुटलं, ते आमच्या लेडीज क्लबातही शिरलं. जानेवारीतल्या वार्षिकोत्सवात दर वर्षी लिंबू-चमचा आणि पुष्परचना असायची. त्या वर्षी अध्यक्षबाईंनी, म्हणजे सगळ्यात मोठ्या साहेबांच्या पत्नीनं, जाहीर केलं की 'मिसेस टाउनशिप' निवडायची. भाग घेणाऱ्यांनी साडी नेसून चालायचं, स्वतःबद्दल दोन शब्द बोलायचे, आणि परीक्षकांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं.

परीक्षक कुणाला करायचं, यावर घोडं अडलं. कुठलीही वहिनी परीक्षक झाली असती तर तिच्या नवऱ्याच्या साहेबाच्या बायकोला गुण देण्याची वेळ तिच्यावर आली असती, आणि त्याचे परिणाम पुढच्या प्रमोशनपर्यंत पोचले असते. म्हणून टाउनशिपच्या शाळेच्या मुख्याध्यापिका घेतल्या, दवाखान्यातल्या एक वयस्क डॉक्टरीणबाई घेतल्या, आणि तिसरी मी. अध्यक्षबाई स्वतः गाडीनं माझ्या दारात आल्या. मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही. त्या हसल्या. "आप तो रोज़ मशीनें पास-फ़ेल करती हैं, इंजीनियर साहिबा. और फिर आप किसी की तरफ़ नहीं हैं." तुम्ही कुणाच्याच बाजूच्या नाही. त्यांनी ते कौतुकानं म्हटलं होतं. मी हो म्हटलं, कारण क्लबच्या हॉलमध्ये मला पहिल्यांदाच कुणी खुर्ची देत होतं.

तिनंही नाव दिलं. सासूबाई फणकारल्या होत्या, पण अध्यक्षबाईंनी तिच्या नवऱ्याला "तुमची मिसेस हवीच" असं तोंडावर सांगितलं होतं, आणि मोठ्या साहेबांच्या बायकोच्या शब्दापुढे सासूचाही इलाज नव्हता. मात्र घरात टाचांच्या चपला घालून टकटक करत चालायचं नाही, ही तंबी मिळाली. त्यामुळे सराव माझ्याकडे. तिच्या उंच टाचांच्या चपला माझ्या पलंगाखाली राहायला आल्या. मी टेबल भिंतीला सरकवायचे, आणि ती स्वयंपाकघराच्या दारापासून बाल्कनीपर्यंत चालायची. पहिले दोन दिवस ती नुकत्याच उभ्या राहिलेल्या वासरासारखी चालत होती. मग जमलं. मग इतकं जमलं की मी बघतच राहिले. मी तिला म्हटलंसुद्धा, "मी परीक्षक आहे, मला हे बघणं बरं नाही." ती म्हणाली, "डोळे मिटून घ्या मग. पण घर तर तुमचंच वापरेन मी."

एकदा मधेच थांबून ती म्हणाली, "जिंकायचं वगैरे नाही जी, ताई. एकदा फक्त बघायचं आहे. मी चालत आली तर लोक माझ्याकडे बघते का नाही."

मला वाटलं, मी बघतेय की. पण माझं बघणं मोजण्यात नव्हतं, तेही मला समजत होतं.

खरं सांगायचं तर ती जिंकावी असं मला वाटत होतं आणि जिंकू नये असंही. जिंकली तर क्लबवाल्या तिला उचलून नेणार. जी वर्षाची मिसेस टाउनशिप, ती वर्षभर क्लबची सेक्रेटरी, असं ठरलं होतं. म्हणजे रोजच्या मीटिंगा, अध्यक्षबाईंची गाडी, समारंभ. मग माझ्या दिवाणावर कोण बसणार? पण गुण द्यायचे ते जे दिसेल त्याचे, एवढं मी स्वतःला बजावलं होतं. ते मला येत होतं. आयुष्यभर तेच केलं होतं.

स्पर्धा रविवारी दुपारी होती. हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या नवऱ्यांच्या हुद्द्याप्रमाणे लावलेल्या, पुढे सोफे, मग गादीच्या खुर्च्या, मग पत्र्याच्या. भाग घेणाऱ्यांच्या खांद्यावर सॅटिनचे पट्टे होते, जवाहर चौकातल्या शिंप्याकडून शिवून आणलेले. त्यावर सोनेरी अक्षरांत नाव नव्हतं, डिपार्टमेंट होतं. माइकवरची मुलगी उत्साहानं ओरडायची, "और अब आ रही हैं... टर्बाइन!" टर्बाइन लाजत लाजत यायची. मग फौंड्री आली, मग क्वालिटी कंट्रोल आली. स्क्रॅप यार्डवाल्या वहिनींनी मात्र पट्टा बघून ऐन वेळी नाव मागे घेतलं. मला हसू आवरेना. शेजारी बसलेल्या मुख्याध्यापिका गंभीरपणे गुण मांडत होत्या. त्या हॉलमध्ये एकालाही यात काही विचित्र वाटत नव्हतं. मला तरी आधी कुठे वाटलं होतं? मीसुद्धा त्यांना याच नावांनी हाका मारत होते.

मग मेंटेनन्स आली. मोरपंखी साडी, केसांत एकच गुलाब. माझ्या घरातल्या फरशीवर चालली होती तशीच ती चालली, उलट जास्त सावकाश. मागच्या पत्र्याच्या खुर्च्यांपर्यंत सगळा हॉल गप्प झाला. लोक बघत होते. मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही ते कळलं आहे. मला भरून आलं. मी मान खाली घालून गुण लिहिले.

प्रश्न मुख्याध्यापिकांनी विचारला. सगळ्यांना एकच प्रश्न होता: या टाउनशिपमधल्या कुठल्या स्त्रीसारखं व्हावं असं तुम्हाला वाटतं? टर्बाइननं अध्यक्षबाईंचं नाव घेतलं. फौंड्रीनं अध्यक्षबाईंचं नाव घेतलं. क्वालिटी कंट्रोलनं आधी सासूचं घेतलं आणि मग अध्यक्षबाईंचं. पुढच्या सोफ्यावर अध्यक्षबाई प्रत्येक वेळी नव्यानं लाजत होत्या.

तिनं माइक हातात घेतला आणि आमच्या टेबलाकडे बघितलं. 

ती हिंदीत बोलली. माझ्या समोरच्या घरात एक ताई राहतात, म्हणाली. कारखान्यात मोठ्या इंजिनिअर आहेत. ज्या यंत्राजवळ जायला पुरुष घाबरतात ते त्या रोज तपासतात. घरची इस्त्रीसुद्धा स्वतः दुरुस्त करतात. त्यांच्याकडून मी खूप शिकते. पण त्यांच्यासारखं व्हायची माझ्यात हिंमत नाही. दिवसभर काम करून त्या घरी येतात तेव्हा दार उघडायला कोणी नसतं, पाणी द्यायला कोणी नसतं. म्हणून मी रोज संध्याकाळी माझं काम टाकून त्यांच्याजवळ जाऊन बसते. "उनका कोई नहीं है ना."

हॉलमध्ये "अरेरे" असा एक मोठा सुस्कारा उठला आणि मग टाळ्या. केवढ्या टाळ्या! बायका मान उंचावून मला बघत होत्या. पुरुषही बघत होते, माझ्याच डिपार्टमेंटचे, जे माझ्या सहीशिवाय एक ट्रान्सफॉर्मर गेटबाहेर काढू शकत नव्हते. अध्यक्षबाई रुमालानं डोळे टिपत होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, पेशंटच्या ठेवतात तसा.

मला लाज वाटली. राग आला. आणि सगळ्यात जास्त, फसल्यासारखं वाटलं. मला वाटत होतं ती माझ्याकडे येऊन मोकळा श्वास घेते. ती तर माझ्याकडे सेवेला येत होती. मी तिच्यासाठी दार उघडं ठेवत होते, आणि तिच्या हिशेबी ती माझ्यासाठी येत होती. पण समोर कागद होता आणि गुण द्यायचे होते.

उत्तर चांगलं होतं. बाकीच्यांनी पाठ केलेलं म्हटलं, तिनं बघितलेलं सांगितलं. खोटं एक अक्षर नव्हतं. कोणी नव्हतंच. मी तिला सगळ्यात जास्त गुण दिले, आणि बाकी दोघींनीही दिले.

मुकुट घातल्यावर ती धावत माझ्याकडे आली. गळ्यातच पडली. तो पत्र्याचा मुकुट माझ्या कपाळाला टोचला. "ताई, तुमच्यामुळे! तुमचंच नाव घेतलं ना मी, बघितलं?" तिचा आनंद इतका निखळ होता की माझ्या तोंडून "छान चाललीस" एवढंच निघालं. चहाच्या वेळी अध्यक्षबाई माझ्याजवळ आल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अब आप अकेली नहीं हैं."

मला वाटलं, बोलायची पद्धत. पण कारखान्याच्या माणसांना एखादी गोष्ट मनावर घेतली की ती शिफ्टमध्ये लावल्याशिवाय राहवत नाही, आणि त्यांच्या बायका त्यांच्याहून दोन पावलं पुढे. क्लबच्या पुढच्याच मीटिंगमध्ये ठरलं की माझ्याकडे रोज संध्याकाळी एकीनं जायचं. आळीपाळीनं. टर्न लावायचं काम नव्या सेक्रेटरीकडे.

त्यानंतरच्या सोमवारी बेल वाजली. मी धावत दार उघडलं, तर फौंड्रीवाल्या भाभी. हातात ढोकळ्याचा डबा. खुर्चीच्या कडेवर बसल्या, घर बघितलं, म्हणाल्या, "आप अकेली कैसे रह लेती हैं?" मंगळवारी स्टोअर्सवाल्या काकू आल्या. त्यांनी माझा स्वयंपाकघरातला मांडणीवरचा पसारा न विचारता आवरला, त्यात माझं टेस्टर कुठे गेलं ते मला महिनाभर सापडलं नाही. एकीनं विधुर दिराचा फोटो आणला. एकीनं उपासाचं व्रत सांगितलं. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली. रोज कुणी तरी माझ्यासमोर बसलेलं, आणि मी घड्याळाकडे बघत बसलेली. घर भरलेलं असताना इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. आधी निदान एकटं असताना एकटं बसायची मोकळीक होती.

एक मात्र सांगायला हवं. टर्बाइनवाल्या वहिनी त्यांच्या टर्नला आल्या. मग हळूच म्हणाल्या, "ट्रान्सफॉर्मरचं ते तेल दाबाखाली फुटतं म्हणजे नेमकं काय होतं हो?" मी सांगायला लागले तर त्यांनी मधेच माझी एक चूक काढली. फिजिक्समध्ये एम.एस्सी. होत्या, पहिल्या वर्गात. लग्नानंतर पुस्तक उघडलं नव्हतं. मी म्हटलं, पुन्हा या, तुम्हाला टेस्ट बे दाखवते. त्या दारात म्हणाल्या, "बघते. घरी विचारून." पुढच्या टर्नला त्यांच्या जागी दुसरीच कुणी आली.

ती मात्र आली नाही. जिन्यात दिसायची, घाईत, हातात वह्या आणि फुलांच्या पिशव्या. "ताई, ठीक ना? काल कोण आलं होतं? बरोबर वेळेवर आली ना?" अध्यक्षबाईंची गाडी खाली हॉर्न वाजवत असायची. मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे. संध्याकाळी बेल वाजली की तरीही वेड्यासारखी आशा वाटायची.

मग एका शुक्रवारी दार उघडलं तर ती. हातात झाकण लावलेलं पातेलं. "आज माझी टर्न आहे," ती हसून म्हणाली.

ती खुर्चीवर बसली. इकडचं-तिकडचं बोलली. क्लबचं बोलली. मला राहवलं नाही. मी सरळ विचारलं, "तू माझ्याकडे रोज यायचीस ती माझी दया येऊन?"

 ती खळखळून हसली, पूर्वी माझ्या दिवाणावर हसायची तशी. "दया? तुमची? काय ताई तुम्ही पण! सासूबाईंनी मला असं रोज घराबाहेर सोडलं असतं का? रोज त्यांना सांगायची मी, समोरच्या ताईंचं कोणी नाही बिचाऱ्यांचं, जरा बसून येते. पुण्याचं काम आहे म्हणून सोडायच्या. रोज तेच बोलून बोलून तोंडात बसलं होतं जी. स्टेजवर टेन्शन आलं, काही सुचेना, तर तेच निघालं तोंडातून."

मला इतकं हलकं वाटलं की मी तिचा हात धरला. दीड महिना मी उगाच जळत होते. ती माझ्याकडे आली होती ती स्वतःसाठीच. माझा दिवाण, माझं वर्तमानपत्र, माझी उघडी इस्त्री, हे सगळं तिला हवं होतं. "मग ये ना उद्यापासून," मी म्हटलं. "पहिल्यासारखी. क्लबचं आटपल्यावर ये, थोडा वेळ ये."

तिचं हसू थांबलं. "कसं येऊ? परवाच म्हणाल्या सासूबाई, आता कशाला जाते? आता तर तिच्याकडे रोज बायांची लाइन लागते. खरं आहे ना त्यांचं. आता तुमचं कोणी नाही असं म्हणता येत नाही ना, ताई."

"मी सगळ्यांना उद्याच नको म्हणून सांगते. अध्यक्षबाईंना सांगते."

"नका हो!" ती एकदम घाबरली. "टर्न मी लावते ना. मॅडम म्हणतील, सेक्रेटरीला एवढं एक काम जमलं नाही. ह्यांना पण बोलतील ऑफिसात. एवढ्या मुश्किलीनं मला कोणी ओळखायला लागलं, ताई."

मी तिचा हात सोडला.  हॉलमध्ये लोक तिच्याकडे बघत होते तेव्हाचा तिचा चेहरा मी पाहिला होता. खाली हॉर्न वाजला. ती उठली, पातेलं ओट्यावर ठेवून आली, पदर खोचला. दारात वळून म्हणाली, "गरम करून खाजा हं. आणि सांगा, सोमवारी कोणाला पाठवू?"

"तू ये," मी म्हटलं.

"माझी आता होळीनंतर, ताई," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.